चौदा सेकंदांच्या चित्रफितीबाबत खुलासा

एका वाचनालयात झालेल्या माझ्या व्याख्यानातील चौदा सेकंदांची चित्रफीत सध्या फिरत असून, ‘पुतिन भारतात आले तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या वॉरंटनुसार त्यांना अटक करणे भारताला बंधनकारक होते’ असे मी म्हटल्याचा मजकूर तिला जोडला आहे. वाक्य माझ्या तोंडी आहे हे खरे. परंतु तो एका श्रोत्याने चिठ्ठीवर लिहून पाठवलेला प्रश्न होता आणि मागच्या रांगांना ऐकू जावा म्हणून मी तो मोठ्याने वाचून दाखवला होता. माझे उत्तर तेवढे कापले गेले आहे.

१७ मार्च २०२३ रोजी वॉरंट काढले ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने. १९९८च्या रोम करारातून जन्मलेले हे न्यायालय व्यक्तींवर खटले चालवते, आणि भारताने त्या करारावर सहीच केलेली नसल्याने अटकेचे बंधन आपल्याला लागू होत नाही. मंगोलिया तर सदस्य होता, तरी सप्टेंबर २०२४मध्ये पुतिन तेथे जाऊन सुखरूप परतले.

संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय निराळे. दोन्ही न्यायालये नेदरलँड्समधील हेग शहरातच असल्याने गल्लत होते. उत्तरपत्रिका तपासताना ती मला नेहमी भेटते. संयुक्त राष्ट्रांच्या या न्यायालयात पक्षकार फक्त राष्ट्रे असतात. पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणातही दाद मागणारा भारत होता, आणि १७ जुलै २०१९च्या निकालाने पाकिस्तानला शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले, सुटकेचा आदेश दिला नाही.

व्याख्यानाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण आयोजकांकडे उपलब्ध आहे.