‘दोन तासांचं काम, पाच दिवस लावले’ या एका स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. खरं सांगायचं तर रात्री तीनदा वाचला. आधी माफी मागतो. इंजेक्टर बदलून बुधवारी संध्याकाळी गाडी देतो असं मीच बोललो होतो. ती शनिवारी दिली, आणि मधल्या काळात आमच्याकडून तुम्हाला एकही फोन गेला नाही. बुधवारी तुम्ही स्वतः आलात, वीस मिनिटं दारात उभे राहिलात, आणि तेव्हा कुठे गाडी उघडीच आहे हे तुम्हाला कळलं. हे चुकलंच. त्यात दुमत नाही.

पण ‘दोन तासांचं काम पाच दिवस लावले, गिऱ्हाइकाला मूर्ख समजतात’ हे जे लिहिलंय, त्यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाही. हे वाचून या आठवड्यात दोघांनी घेतलेली वेळ रद्द केली. दोघंही जुन्या गाड्यांचेच मालक.

दोन तासांचं काम आहे, हे तुमचं बरोबर आहे. व्हिडिओत दाखवतात तसंच आहे. तुमची 1993 ची चार लिटर, सहा सिलिंडरची पेट्रोल जीप चेरोकी. रेलचे (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचे) बोल्ट काढा, क्लिपा काढा, इंजिनात पेट्रोल फवारणारे जुने सहा इंजेक्टर उपसा, दुसरे सहा बसवा. मंगळवारी गाडी आली, इंजिन गार होईपर्यंत थांबलो (या इंजिनात हवा आत नेणारा इनटेक आणि धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट एकाच बाजूला, वर-खाली असतात, तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर पेट्रोलची लाईन मी उघडत नाही, कोणी कितीही घाई करो), आणि दुपारी काम सुरू केलं. संध्याकाळच्या चहाच्या आत सहाही बसले होते. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. आयडलिंग असं गुळगुळीत की बॉनेटवर हात ठेवला तरच इंजिन चालू असल्याचं कळावं. तेव्हाच तुम्हाला फोन करून गाडी देऊन टाकली असती, तर आज मला पाच स्टार मिळाले असते. आठ दिवसांनी काय झालं असतं, ते वेगळं.

आम्ही रेलला पेट्रोलचा दाब मोजणारा गेज लावला. तुमच्या मॉडेलला चालू इंजिनवर 31 पीएसआय दाब आणि रेग्युलेटरची (दाब सांभाळणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी काढली की 39 दिसायला हवेत. दोन्ही बरोबर आले. मग इंजिन बंद केलं आणि गेज तसाच ठेवला. आमचा पोरगा हात धुऊन परत आला आणि म्हणाला, ‘काटा खाली चाललाय.’ खरंच चालला होता. अर्ध्या तासात प्रेशर जवळजवळ गेलं. टाकीकडे परत जाणारी रिटर्नची नळी चिमटली, तरी काटा उतरतोय. पंपाकडून येणारी नळीही चिमटली, तरी उतरतोय. म्हणजे पंपाचा दोष नाही, रेग्युलेटरचा नाही, राहिले इंजेक्टर.

बुधवारी सकाळी सहाही इंजेक्टर रेलला तसेच लावून ठेवून रेल वर उचलली, खाली कोरा पुठ्ठा धरला, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवला आणि चावी दोन-तीनदा ऑन केली. पाच कोरडे. चौथ्याच्या टोकाला आधी ओल आली, मग थेंब धरला, मग तो पुठ्ठ्यावर पडला. आम्ही तिघं वाकून त्या एका थेंबाकडे बघत होतो. त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही दारात उभे होतात आणि मी हातातलं काम सोडून बाहेर आलो नाही. यायला हवं होतं.

आता हा सेट कुणी आणला होता, हे अभिप्रायात लिहायचं राहून गेलंय, म्हणून मी लिहितो. सहाही इंजेक्टर तुम्ही स्वतः आणलेत, वापरलेले, एका पिशवीत. ‘एकदम ओके आहेत, फक्त बसवा’ असं म्हणालात. वापरलेल्या मालाला माझी ना नाही. नव्या ओ-रिंगा (गळती अडवणाऱ्या रबरी रिंगा) लावल्या आणि तपासून घेतला तर चांगला चालतो. मी बसवण्याआधी सहाहींचा विजेचा रोध मीटरवर मोजला. सगळे 14 ते 15 ओहमच्या मधले निघाले, म्हणजे तुमच्या इंजिनच्या कॉम्प्युटरला चालणारे. दोन-तीन ओहमवाले असते तर कॉम्प्युटरच्या इंजेक्टर चालवणाऱ्या सर्किटवर भार आला असता आणि मी ते तिथेच परत केले असते. पण टोकाची गळती मीटरवर दिसत नाही. तिथे मी बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर तपासणीच्या मशीनवर, आधी तपासून घ्यायला हवं होतं, तेवढी चूक माझी. तुम्हाला घाई होती, मी घाईला बळी पडलो.

गुरुवारी तुम्ही फोनवर म्हणालात, ‘पाच नवे राहू द्या, चौथ्या जागी माझा जुना टाका, चालतं की.’ मी नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही फोन ठेवलात. कदाचित एक स्टार तिथेच पडला असेल. पण नाही का म्हटलं, ते ऐका. तुमचे जुने एका भोकाचे, आणलेले चार भोकांचे. फवारा वेगळा, आणि इतक्या वर्षांच्या जुन्याचा प्रवाहही वेगळा. धुरावरून पेट्रोल कमी-जास्त ओळखणारा ऑक्सिजन सेन्सर तुमच्या गाडीत एकच आहे. सहाही सिलिंडरचा धूर त्याच्यासमोरून एकत्र जातो. एका सिलिंडरला पेट्रोल जास्त झालं, तर कॉम्प्युटरला कळतं फक्त ‘सरासरी जास्त आहे’, आणि तो सहाही जणांचं पेट्रोल कमी करतो. म्हणजे खाल्लं एकाने, उपाशी राहिले पाच. मग गाडी मिस मारते, आणि तुम्ही परत येऊन म्हणता, ‘यांनीच हात लावला होता.’

आणि एका थेंबाने काय होतं, असंही तुम्ही विचारलं होतं. थेंब एक नसतो. गाडी उभी असली की प्रेशर संपेपर्यंत तो गळत राहतो. ते पेट्रोल पोर्टमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत) साचतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुतं आणि खाली चेंबरमधल्या इंजिन ऑईलमध्ये उतरतं. गरम गाडी पुन्हा सुरू करताना लांब सेल्फ मारावा लागतो, मागून काळा धूर येतो. हे सगळं तुमच्याच गाडीत झालं असतं.

तर गुरुवारी चौथा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुतला. तरी गळला. शुक्रवार त्याच नंबरचा जोडीदार शोधण्यात गेला. मिळालेला बेंचवर बाकी पाचांशी जुळवला, प्रवाहात फरक दोन टक्क्यांच्या आत आला, तेव्हा घेतला. शनिवारी रेल दुसऱ्यांदा उघडली, बाराही ओ-रिंगा पुन्हा नव्या घातल्या. इंजेक्टरला दोन असतात, वरची पेट्रोल अडवते, खालची हवा. वरची गळली तर पेट्रोल खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी मी लावलेली नाही. बिल परत बघा.

‘एवढं करून पिकअप जैसे थे’ असंही आहे. साहेब, पिकअप वाढेल असं मी कधी म्हणालो होतो? सेटवर प्रवाहाचा मोठा आकडा बघून तुम्ही तो घेतलात. पण तो आकडा 3 बारला, म्हणजे 43.5 पीएसआयला मोजलेला होता. तुमच्या रेलमध्ये व्हॅक्यूम नळीशिवाय 39. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने बदलतो, म्हणजे तुमच्या गाडीत तो आकडा साधारण 5 टक्क्यांनी खाली येतो, जवळपास मूळच्या इंजेक्टरइतकाच. आणि ते बरंच आहे. बाकी काही न बदलता जास्त पेट्रोल ओतलं तर कॉम्प्युटर सेन्सरकडे बघून ते कापतो, ताकद येत नाही. चार भोकांचा खरा फायदा बारीक फवाऱ्याचा. थेंब लहान, वाफ लवकर. थंड इंजिन पटकन पकडतं, सिग्नलवर थरथरत नाही, पाय टाकला की अडखळत नाही. हे मी काउंटरवर तोंडी सांगितलं होतं. लिहून दिलं नव्हतं. आणि बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली गेली आहे, त्यामुळे पहिले काही दिवस चालवून मगच अ‍ॅव्हरेज काढा.

‘शिकाऊ पोरांच्या हातात गाडी देतात’ हे वाक्य मला जास्त लागलं. काटा उतरताना ज्याने पाहिला, तो हाच पोरगा. त्याने हे वाचलंय. काही बोलला नाही. तुमच्या जुन्या इंजेक्टरवर 1 ते 6 आकडे पांढऱ्या पेनने त्यानेच घातलेत, तुम्हाला ते ‘कचऱ्यासारखे पिशवीत भरून दिलेले’ वाटले. त्यातला तिसरा काढून बघा. त्याची ओ-रिंग काचेसारखी कडक झाली आहे, नखाने दाबली की तुटते. तुमची गाडी सकाळी का रडत होती, ते त्यावरून कळेल. सीटवरचा ग्रीसचा डाग मात्र आमचाच. कव्हर घातलं नव्हतं. सीटचं कव्हर पाठवा, धुऊन देतो.

यापुढे काम लांबलं तर त्याच दिवशी फोन जाईल, असं आम्ही ठरवलं आहे. कोण करणार, ते अजून ठरायचं आहे. गिऱ्हाइकाने आणलेला माल आधी बेंचवर, मग गाडीत, हेही.

पहिल्या दिवशी पेट्रोलचा वास आला, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. रेल उघडताना थोडं पेट्रोल खाली सांडतं, त्याचा वास एखादा दिवस राहतो. पण अजून येत असेल तर गाडी चालवत आणू नका. उभी ठेवा, बॉनेट उघडू नका, फोन करा. मीच उचलेन, आणि गेज घेऊन मीच येईन. तुम्ही स्टार बदला, नका बदलू.