एचझेड हजार केल्यानं झोप बारीक होत नाही

प्रोग्राम ठरावीक वेळ थांबवणं म्हणजे त्याला झोपवणं, आणि एचझेड म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, सेकंदाला किती ठोके (टिक) पडतात तो आकडा. त्यावरून प्रोग्रामर मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: 'लिनक्सचा एचझेड २५० असतो, म्हणजे टिक ४ मिलिसेकंदांची. १ मिलिसेकंद झोपायला सांगितलं तरी प्रोग्राम ४ झोपणारच. एचझेड १००० करून कर्नल पुन्हा कंपाइल करा, नाहीतर बिझी लूप फिरवा, म्हणजे न झोपता सतत घड्याळ बघत राहा.' गणित चोख आहे, पण २००७ च्या आधीचं.

टिकचंच आधी पाहू. तेव्हा कर्नलला ठरावीक अंतरानं येणारा टायमर इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरचा इशारा, तेवढा दिसायचा. एसटी अर्ध्या तासानं असेल, तर दहा मिनिटांनी निघायचं ठरवून उपयोग काय? थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार या कर्नल डेव्हलपरांच्या कामातून २००६ साली कर्नलच्या २.६.१६ आवृत्तीत एचआरटाइमर (हाय-रिझोल्यूशन, म्हणजे बारीक वेळेचे टायमर) आले आणि २००७ च्या २.६.२१ मध्ये त्यांचा खरा हाय-रिझोल्यूशन मोड. आता कर्नल हार्डवेअर टायमरलाच सांगतं, 'अमुक क्षणी मला उठव.' नॅनोस्लीप, यूस्लीप ही प्रोग्रामला झोपवणारी फंक्शन्स याच वाटेनं जातात. एचझेडचा इथं संबंधच येत नाही. खात्री करायची तर प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या टाइमर_लिस्ट फाइलीत 'एचरेस_ॲक्टिव्ह'समोर १ आहे का ते रूट, म्हणजे प्रशासक, होऊन बघा.

मग १ मिलिसेकंदाची झोप साधारण १.०६ ला का संपते? इथं टिकवर खापर फोडतात, पण मुख्य कारण टायमर स्लॅक. साध्या प्रोसेसला उठवताना कर्नल मुद्दाम ५० मायक्रोसेकंदांपर्यंत उशिराची सवलत घेतं, म्हणजे जवळजवळचे टायमर एकाच वेळी उठवून वीज वाचवता येते. पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलनं ती कमी करता येते. फिफो किंवा राउंड-रॉबिन शेड्यूलिंग धोरणाच्या रिअल-टाइम, म्हणजे आधी प्राधान्य मिळणाऱ्या, थ्रेडला ती लागूच नाही. उरलेला उशीर सीपीयू खोल सी-स्टेटमधून (वीज वाचवणाऱ्या विश्रांतीतून) बाहेर येण्याचा आणि कोणाला कधी सीपीयू द्यायचा ते ठरवणाऱ्या शेड्यूलरच्या रांगेचा. नॅनोस्लीप नावातला 'नॅनो' हे वेळेचं एकक आहे, अचूकतेची हमी नव्हे. पोझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक म्हणतं ते एवढंच: सिग्नल आला नाही, तर सांगितलेल्यापेक्षा कमी झोपणार नाही.

सल्ल्यात खरं काहीच नाही असं मात्र नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं, कर्नलच्या आतलं एमस्लीप अजून जिफीवर, म्हणजे टिकच्या मोजणीवर, चालतं. एमस्लीप(१) कित्येकदा २० मिलिसेकंदांपर्यंत जातं, असा इशारा कर्नलच्या दस्तऐवजात बरीच वर्षं होता. पण तिथंही उपाय कर्नल बदलणं नाही. यूस्लीप_रेंज वापरा, ते एचआरटाइमरवर आहे. विंडोजवर टिकचा मूळ ठेका १५.६ मिलिसेकंदांचा, तिथली तक्रार तर रास्तच. ती लिनक्सच्या गळ्यात का बांधायची?

राहिला बिझी लूप. काही मायक्रोसेकंदांसाठी ठीक, पण मिलिसेकंदभर एक अख्खा कोर जाळायचा आणि शेड्यूलरनं मध्येच उचलून बाजूला ठेवलं की अचूकताही गेली. बहुतेकांचं दुखणं खरं तर एका झोपेचं नसतंच, साचत जाणाऱ्या चुकीचं असतं. 'काम कर, १ मिलिसेकंद झोप' असा लूप दर फेरीला ६० मायक्रोसेकंद मागे पडला, तर हजार फेऱ्यांत ६० मिलिसेकंद मागे. कामाचा वेळ वेगळाच. क्लॉक_नॅनोस्लीप या फंक्शनला टाइमर_ॲबस्टाइम हा पर्याय द्या आणि 'इतका वेळ झोप' ऐवजी 'अमुक वाजता उठ' असं सांगा. तरी दर वेळी उठायला थोडा उशीर होईलच, पण कालचा उशीर आजच्या खात्यात चढणार नाही.