मालवणात मासे खाताय? मग आधी वाटीत तिरफळ आहे का बघा

दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मला तोच मेसेज येतो, "मालवणला चाललोय, मासे कुठे खाऊ?" माझं आजोळ मालवण, बस्स, एवढ्या भांडवलावर ऑफिसातले, सोसायटीतले, बायकोच्या मैत्रिणींचे नवरे, सगळे मला तज्ज्ञ समजतात. मी बापडा जागा सांगतो, मग चार दिवसांनी फोटो येतो आणि फोटोत काय, तर सुरमई थाळी आणि बाजूला बोंबील फ्राय. अरे देवा. पन्नास वर्षं चूल पेटलेल्या खानावळीत जाऊन जर हेच मागवायचं असेल तर दादरला काय वाईट होतं? म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की ही पोस्ट चिकटवून मोकळा.

पहिलं बोंबलाचं निस्तरतो. बोंबील माझा जीव की प्राण आहे, पण तो मासा वरचा, म्हणजे मुंबई, वसई, पालघर ते पार गुजरातपर्यंतचा. रत्नागिरीच्या खाली तो फारसा मिळतच नाही. आणि तो सगळा पाण्याचा बनलेला, काढल्यावर जरा वेळ गेला की मऊ पडायला लागतो, म्हणून तर तिकडे तो दांड्यांवर वाळत घालतात. तर मालवणात तुमच्या ताटात जो कुरकुरीत बोंबील येतो तो बर्फात बसून तुमच्यासारखाच मुंबईहून आलेला असू शकतो. पर्यटक मागतात म्हणून हॉटेलवाले ठेवतात, त्यांचा काही दोष नाही.

आता मुद्द्याचं. आमची ठरलेली खानावळ आहे, बाजारातल्या एका बोळात, बाबा लग्नाआधीपासून तिथे जेवायचे. आत दहा-बारा टेबलं, हात धुवायचं बेसिन पार मागे, तिथे जायचं तर स्वयंपाकघराच्या दारावरून जावं लागतं आणि हीच त्या हॉटेलची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कारण हात धुवायला जाताना चुलीवर काय चाललंय ते दिसतं. मागच्या वेळी गेलो तेव्हा तीन टोपं होती, एकात पिवळट-केशरी, एकात लाल, एकात काळपट तपकिरी. तीन टोपं म्हणजे तीन वेगळी वाटपं, म्हणजे वाटलेले मसाले. इथेच मी निम्मी ऑर्डर ठरवतो.

कारण असं आहे की मालवणी माशाचं कालवण ही एक गोष्ट नाहीच. बांगडा, तारली, पेडवे असे तेलकट मासे असले की ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद असं कच्चंच वाटतात, आंबटाला सोलं (म्हणजे आमसुलं), आणि वरून ठेचलेली तिरफळं. कांदा खोबरं खरपूस भाजून, गरम मसाला घालून केलेलं वाटप ते मोरीला, मोरी म्हणजे शार्कची लहान जात, तिचं आमच्याकडे मटणासारखं करतात. आणि तिखलं म्हणजे खोबरंबिबरं जवळजवळ नाहीच, मिरची आणि सोलांचा लाल आंबट-तिखट अंगासरशी रस. आता नव्या मोठ्या हॉटेलांत, पार्किंग असलेल्या, झोपाळा असलेल्या, काय करतात, एक मोठा टोप भरून एकच ग्रेव्ही, आणि मासा वेगळा शिजवून वा तळून त्यात सोडायचा. सुरमई करी, कोळंबी करी, बांगडा करी, नावं तीन आणि चव एक. मला चालत नाही असं नाही, भूक लागली की सगळं चालतं, पण त्यासाठी रात्रभर तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसून कुडाळला उतरून पुढे एसटीने हाडं खिळखिळी करत कशाला यायचं.

म्हणून माझी साधी परीक्षा. बांगड्याचं कालवण मागवायचं आणि वाटी आली की चमच्याने ढवळून तिरफळ आहे का बघायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिरफळ म्हणजे काटेरी झाडाचं मिरीपेक्षा जरा मोठं फळ, सुकवतात, आतली काळी बी टाकून देतात आणि नुसती साल वापरतात. कालवणात असतं वासापुरतं, चावायचं नाही. मी सातेक वर्षांचा असताना चावलं होतं, जीभ आणि ओठ इतके बधिर झाले की मला वाटलं आपण आता मुके झालो, आणि सगळे मामा हसत होते. सुरमईत, कोळंबीत तिरफळ घालत नाहीत. त्यामुळे वाटीत तिरफळ सापडलं म्हणजे हे कालवण बांगड्यासाठीच रांधलंय, कॉमन टोपातलं नाही. नाही सापडलं तर मुकाट्याने तो बांगडा खाऊन घ्यायचा आणि पुढची ऑर्डर फक्त तळलेलं.

हो, तळलेल्याबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, पण तवा फ्राय कुठेही बरं मिळतं. मसाला आणि रवा चोपडला की ताजा मासा आणि परवाचा मासा यातला फरक बराचसा झाकून जातो, रश्श्यात झाकत नाही. मला हायवेवरच्या एका हॉटेलात (नाव नाही सांगणार, उगाच वाद) सुरमई म्हणून एक तुकडा आला, छान लाल, छान कुरकुरीत, पण मधला काटा नाही, कातडी नाही, पांढरं लुसलुशीत मांस. सुरमईचा आडवा काप असतो हो, मधोमध गोल मणका, कडेला चंदेरी कातडी. हा बासा, म्हणजे गोड्या पाण्यातला स्वस्त मासा होता असं माझं ठाम मत आहे. वेटरला म्हटलं तर तो म्हणाला "साहेब, बोनलेस सुरमई आहे." बरं बाबा. त्याच बिलात पापलेटपुढे 'ॲज पर साइझ' लिहिलेलं होतं आणि साइझ किती ते बिल आल्यावर कळलं. तेव्हापासून 'ॲज पर साइझ' दिसलं की मी आधी कच्चा मासा दाखवा म्हणतो, यात लाजण्यासारखं काही नाही, ताटात आणून दाखवतात.

पापलेटचं निघालंच आहे तर, २०२३ पासून पापलेट आपला राज्य मासा आहे, आणि तळहातापेक्षा लहान पिल्लं पकडायची नाहीत असा नियमही त्याच वर्षी आला, पापलेटला किमान १३५ मिलिमीटर. तरी मेन्यूवर 'बेबी पापलेट फ्राय, चार नग' असतंच. ते मागवू नका एवढंच म्हणतो. चवीलाही त्यात काही नसतं, मसालाच खायचा.

मग मागवायचं काय? आधी मेन्यूकार्ड बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, आज काय आलंय. आमच्या खानावळीत गल्ल्यावर काकी बसतात, सत्तरी ओलांडली असेल, त्या खोटं बोलत नाहीत. गेल्या खेपेला मी मुलासाठी सुरमई सांगितली तर म्हणाल्या, "सुरमय कालची आसा, झिला. बांगडे सकाळी रापणीक गावले, ते घे." वर आणखी, "इतक्या लांबसून इलंस आणि कालचा खातलंस?" आता जी बाई महाग मासा सोडून स्वस्त मासा घ्यायला सांगते तिचं न ऐकणारे आपण कोण. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बरीच माणसं दोन बाजूंनी दोर धरून ओढतात, मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळी नशीब असेल तर बघायला मिळतं. त्यात मिळतात ते तारली, बांगडे, पेडवे असले किनाऱ्याजवळून थव्याने जाणारे मासे. दहा वाजता वाळूवर आणि साडेबाराला ताटात, यापेक्षा ताजं काय असणार.

बांगडा खायची भीती काट्यांची असते ना, ती उगाच आहे. कालवणातला बांगडा घ्या, शेपटीपासून डोक्याकडे मधोमध जी रेघ दिसते त्यावर अंगठा हलकेच दाबत न्या, वरची फाक आपोआप सुटते. ती उचलली की मधला काटा शेपटीकडून धरून अख्खा वर येतो, खालची फाक मोकळी. राहिले कडेचे बारीक काटे, ते जिभेला कळतात. माझ्या मुलाला हे सात मिनिटांत जमलं, पहिली पाच मिनिटं रडण्यात गेली. पेडव्यांचं तर तेही नको, ते तिखल्यातले असले तर डोकं धरून दातांतून ओढायचे, हातात फक्त काटा उरतो.

चार जण असाल तर माझी ऑर्डर अशी. बांगड्याचं कालवण एक, तिखलं कशाचं असेल ते एक, तिसऱ्यांचं सुकं एक (तिसरे म्हणजे खाडीतले शिंपले, भरपूर ओलं खोबरं, कवचासकट, आणि एखादा शिंपला शिजूनही बंद राहिला असेल तर तो उघडायच्या भानगडीत न पडता बाजूला ठेवा), आणि हौस म्हणून टेबलावर मधोमध एक प्लेट मुडदुशी (लेडीफिश) तळलेली. मुडदुशी मिळाली तर सुरमईकडे वळून बघू नका. मोठी सुरमई आलीच असेल तर काप नको, डोकं आहे का विचारा. डोक्याचं कालवण कार्डावर नसतं, बहुतेक घरच्या माणसांसाठी ठेवलेलं असतं, पण विचारणाऱ्याला मिळतं. गालाजवळचं मांस जे निघतं ते सगळ्यात आधी कोण उचलणार यावरून आमच्याकडे भावाभावांत अजून अबोला होतो.

भात उकडाच सांगा. साधा पांढरा सुवासिक भात बांगड्याच्या कालवणाखाली वाहून जातो, उकड्याचं जाड लालसर शीत रस्सा धरून ठेवतं. वडे माशाबरोबर मागवणाऱ्यांशी माझं भांडण आहे, वडे कोंबडीचे. माशाला भात, फार तर तांदळाची भाकरी. थाळी घ्यायला हरकत नाही, थाळीतली वाटी हीच त्या दिवसाची खरी घरगुती कालवणाची वाटी असते आणि ती परत मागता येते, फक्त थाळीचं नाव ज्या माशावरून आहे तो तळलेला तुकडा हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग समजा.

सोलकढी सुरुवातीला गटागट पिऊन 'वन मोअर' म्हणणारे खूप बघितले. थोडी ठेवा हो, शेवटच्या मूठभर भातावर. आणि रंग बघा. आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाचं घट्ट दूध एकत्र आलं की फिकट, जरा मळकट गुलाबी रंग येतो आणि थोड्या वेळाने ती फाटल्यासारखी दिसते, वर दूध खाली पाणी. लग्नातल्या सरबतासारखी झगझगीत गुलाबी आणि तासभर तशीच राहणारी असेल तर त्यात बीट आहे किंवा आणखी काही आहे.

वेळेचंही सांगतो. साडेबारा ते दीड. तीनला गेलात तर सगळं आहे पण सगळं पुन्हा गरम केलेलं. याला एकच अपवाद, बांगड्याचं तिखलं, ते संध्याकाळी जास्त चांगलं लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेबरोबर तर विचारूच नका, पण ते हॉटेलात कोण देणार.

आणि महिना. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन ताजी सुरमई मागितलीत तर जे येईल ते फ्रीजरमधलं. १ ऑगस्टला बंदी उठते आणि गंमत म्हणजे तेव्हाच श्रावण आसपास असतो, अर्धा महाराष्ट्र शाकाहारी झालेला, मासे भरपूर आणि खाणारे कमी. ज्यांना श्रावण पाळायचा नाही त्यांनी तेव्हाच जावं. आमच्या घरी पाळतात, म्हणून मी दरवर्षी 'कामानिमित्त' दोन दिवस कुडाळला जातो. बायको ही पोस्ट वाचणार आहे, असो.

पण जून-जुलैतसुद्धा जुन्या खानावळीत खायला असतं, फक्त ताज्याचा हट्ट सोडायचा. खाडीचं काही मिळतं, काळुंद्रं, शेंगाळे, छोट्या होडीवाल्यांकडून आलेले. नाहीतर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची किसमूर, खोबरं कांदा आणि सोल घालून, वरण-भाताबरोबर ती असली तर मला बाकी काही लागत नाही. मागच्या जुलैत मामाच्या कामासाठी गेलो होतो, धो धो पाऊस, खानावळीत मी आणि एक पुण्याचं कुटुंब एवढेच. मी किसमूर सांगून बसलो होतो. तेवढ्यात आतून निखाऱ्यावर भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा वास आला, तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल मी कसा बसलो असेन. गल्ल्यावर बघितलं तर काकी नव्हत्या, आत जेवत होत्या. मी बेसिनकडे हात धुवायला म्हणून दोनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी न बोलता अर्धा बांगडा मोडून एका ताटलीत ठेवला, वाटीभर पेज दिली आणि जा म्हणून हात केला.

मी तो टेबलावर आणून खायला लागलो तर शेजारचे पुणेकर काका वाकून बघत म्हणाले, "हे कशात आहे हो? आम्ही कार्ड दोनदा वाचलं." मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "ता मेनूत नाय वो, ता माझ्या ताटातला!"