प्रार्थना शिकायची नसते, असं कोण म्हणालं?

एक लांबलचक मेसेज सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती ग्रुपांवर फिरतोय. मथळा ‘नवविश्वासूंसाठी प्रार्थनेचे नियम’, वर हात जोडल्याची चित्रं, खाली बायबलची वचनं. मजकूर थोडक्यात असा: खरी प्रार्थना शिकावी लागत नाही, पवित्र आत्मा ती आतून बोलवतो. पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, देव ती ऐकत नाही. पहाटे ४ वाजता, गुडघ्यांवर, डोळे मिटून, निदान तासभर करावी. भाषा शुद्ध असावी, भजनाच्या चाली नकोत. ‘येशूच्या नावाने’ असा शेवट नसेल तर ती पोचत नाही. आणि हे सगळं करूनही मागितलेलं मिळालं नाही, तर तुमचा विश्वास कमी पडला. हे २१ दिवस खंड न पाडता करा आणि मेसेज ११ जणांना पाठवा.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या मंडळीत उपासनेनंतर चहा होतो, तेव्हा नवी माणसं हळूच विचारतात, “तासभर बोलायचं तरी काय?” कुणी लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेली, कुणी जन्माने ख्रिस्ती पण आयुष्यात कधी स्वतः प्रार्थना न केलेला. त्यांच्या पहिल्याच पावलाला ही नियमांची काटेरी वई आडवी येते. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो. मी पाळक नाही, फादर नाही. पण मेसेजात दिलेली वचनं उघडून वाचायला दीक्षा लागत नाही.

पहिला मुद्दा, ‘शिकावी लागत नाही’. लूकच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय काढा. येशू एका ठिकाणी प्रार्थना करून थांबला, तेव्हा शिष्यांपैकी एक जण म्हणाला, प्रभूजी, (बाप्तिस्मा करणाऱ्या) योहानाने आपल्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. हे विचारणारे यहुदी होते, लहानपणापासून स्तोत्रं ऐकत वाढलेले. तरी त्यांना शिकावंसं वाटलं. येशूने त्यांना ‘आत्मा येईपर्यंत थांबा’ असं सांगितलं नाही. त्याने सरळ शब्द दिले, हे म्हणा म्हणून.

मेसेजात रोमकरांस पत्रातलं ८:२६ जोडलं आहे. त्यात प्रेषित पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही आणि आत्मा आपल्या दुर्बळपणात हातभार लावतो. यात ‘शिकू नका’ कुठे आलं? उलट नवख्याला धीर देणारं वचन आहे ते: जमत नाहीये ना, पौलालाही सगळं जमत नव्हतं. आणि हा पौल गमलिएल या यहुदी गुरूच्या पायाशी बसून शिकलेला माणूस.

आता पोपटपंचीचा आरोप. यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आधार म्हणून मत्तय ६:७ दिलं आहे, परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका. बरोबर आहे, येशूचेच शब्द. पण मेसेज लिहिणाऱ्याने पुढच्या दोन ओळी वाचलेल्या दिसत नाहीत. नवव्या वचनात तोच येशू म्हणतो, तुम्ही अशी प्रार्थना करा, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या…’ म्हणजे बडबड नको हे सांगून लगेच त्याने पाठ करण्याजोगी प्रार्थना हातात ठेवली. बडबडीवर त्याने दिलेलं औषध तेच आहे.

पुन्हा पुन्हा तेच शब्द म्हणणं वाईट असेल, तर पकडला जाण्याआधी येशूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेचं काय करायचं? मत्तय २६:४४ मध्ये स्पष्ट आहे, येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. १३६ व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ येतं. वधस्तंभावर प्राण जाताना येशूच्या तोंडून निघालेलं ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे, आणि ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे ३१ व्या स्तोत्रातलं. शेवटच्या घटकेला त्याच्याही कामी आले ते पाठ असलेलेच शब्द.

मेसेजाचा रोख कॅथलिकांच्या जपमाळेवर (मण्यामण्याला त्याच प्रार्थना पुन्हा म्हणण्यावर) आहे हे कळायला फार हुशारी लागत नाही. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, जपमाळ म्हणत नाही. मरियेला केलेल्या विनवणीबद्दल माझं आणि माझ्या कॅथलिक शेजाऱ्यांचं एकमत होणार नाही, तो वाद वेगळा. पण ‘तेच तेच म्हणतात म्हणून खोटं’ हा मुद्दा तिथे लावू नये. हो, मालिका सुरू व्हायच्या आत उरकलेली जपमाळ मी ऐकली आहे. आणि आमच्याकडची ‘उत्स्फूर्त’ प्रार्थनाही ऐकली आहे: दर दोन शब्दांमागे ‘प्रभू, धन्यवाद प्रभू’, दर रविवारी तीच वाक्यं त्याच क्रमाने, इतकी की मागच्या बाकावरची पोरं ओठ हलवून सोबत म्हणतात. पाठांतर पुस्तकातूनच होतं असं नाही.

नवख्या माणसाला मी तरी दुसऱ्याचे शब्द उसने घ्यायलाच सांगतो. प्रभूची प्रार्थना घ्या, सावकाश म्हणा, आणि एखाद्या ओळीवर थांबा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे थांबलात तर आजची भाकर म्हणजे काय ते बोला. होडीच्या डिझेलचे पैसे, आंब्याच्या पेटीला मिळणारा भाव, मुलीच्या कॉलेजची फी, मुंबईला कामाला गेलेल्या नवऱ्याचा न आलेला फोन. ‘आमची ऋणे सोड’ इथे ज्याच्याशी बांधाच्या भांडणावरून बोलणं बंद आहे त्याचं नाव येऊ द्या. नाव घेताना जीभ अडखळली तर तसंच सांगा, की देवा, याला माफ करायची माझी अजून तयारी नाही. मग पुढची ओळ. चार-पाच मिनिटांत संपतं. काही दिवसांनी मधल्या थांबण्यांत तुमचे स्वतःचे शब्द आपोआप वाढतात. नाही वाढले तरी प्रार्थना झालेलीच असते.

पहाटे ४, गुडघे आणि डोळे यांवर फार वेळ घालवत नाही. येशू पहाटे उठून एकांतात गेला (मार्क १:३५) हे खरं, पण एकदा त्याने डोंगरावर सबंध रात्र काढली. दानीएल दिवसातून तीनदा करायचा, पेत्र भर दुपारी प्रार्थनेला घराच्या गच्चीवर गेला. डोळे? योहान १७ मध्ये येशूने वर आकाशाकडे पाहून प्रार्थना केली. दावीद राजा देवापुढे बसून बोलला, हन्ना मंदिरात नुसते ओठ हलवत होती आणि याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. पौल आणि सीला तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले, मध्यरात्री गात होते. गुडघे टेकायला जागाही नव्हती त्यांना. आमच्या किनाऱ्यावर जिला पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन बाजार गाठायचा आहे, तिला ४ चा नियम सांगणाऱ्याने एकदा तिच्याबरोबर टेम्पोत बसून यावं. तिने टेम्पोत, पाटीवर हात ठेवून, डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना मला पुरेशी वाटते. तासाभराची अट बायबलात कुठेही नाही. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची अख्खी प्रार्थना ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढीच, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. लांबलचक बोलणारा कर्मठ परूशी नव्हे.

शुद्ध भाषेच्या अटीचं मात्र मला खरंच हसू आलं. कोकणात हे कुणी लिहावं? १६१६ साली गोव्यातल्या साष्टीत राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरूने ख्रिस्तपुराण छापलं, तेही मराठी ओव्यांत, हजारोंनी. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, मग त्याने त्यांना त्याच छंदात येशूची कथा दिली. कवी नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचे अभंग सोडले नाहीत. त्यांनी रचलेली भजनं आजही मराठी मंडळ्यांत टाळ-पेटीवर म्हटली जातात. ‘भजनाच्या चाली नकोत’ म्हणणाऱ्या मेसेजाच्या लेखकाने रविवारी त्यांतलं एखादं गाइलंही असेल.

बोलीचंही तेच. कॅथलिक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये व्हायची. ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, म्हणून वसईपासून सावंतवाडीपर्यंत लोक समजणाऱ्या भाषेत उत्तरं देऊ लागले. रायगडातल्या कोर्लईत अजून घराघरांत पोर्तुगीजमधून निपजलेली बोली चालते. देवाला ती कळत नसेल असं म्हणायची कुणाची टाप आहे? मग मालवणीला बंदी का?

आपल्या गावांतलं ग्रामदेवतेपुढचं गाऱ्हाणं आठवा. एक जण मांडतो, गावाचं दुखणं-खुपणं नावानिशी सांगतो आणि बाकीचे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वाडीतल्या क्रुसापाशी लादीन (कॅथलिकांची सामूहिक विनवणी) म्हणताना एकाने पुढे म्हणायचं आणि सगळ्यांनी ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचं, त्याचा बाज ओळखीचा वाटतो तो यामुळेच. दोन्हीकडे मागणं ज्याच्यापुढे ठेवायचं तो वेगळा, यात गल्लत करू नये. पण मोकळेपणाने, न लाजता, आडपडदा न ठेवता मांडायची जी सवय कोकणी माणसाला आहे, ती त्याने चर्चच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून का ठेवावी? १४२ व्या स्तोत्रात दावीद गुहेत बसून दुसरं काय करतोय? “देवा, आज माका राग इलो, माका माफ कर,” एवढं एखादीने झोपण्यापूर्वी म्हटलं तर त्यात सुधारण्यासारखं मला काही दिसत नाही.

‘येशूच्या नावाने’ या शेवटाबद्दल एकच प्रश्न. स्वतः येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत हे शब्द आहेत का? नाहीत. मग ती पोचत नाही म्हणायचं? योहान १४ मध्ये ‘माझ्या नावाने मागा’ आहे, तेव्हा तसं म्हणणं चांगलंच, मीही म्हणतो. पण तो कुरिअरच्या पाकिटावरचा पिनकोड नव्हे. बुडणारा पेत्र ‘प्रभूजी, मला वाचवा’ एवढंच ओरडला आणि येशूने तत्क्षणी हात पुढे केला.

राहिला सगळ्यात वाईट मुद्दा: मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी. मार्क ११:२४ एकटं काढून दाखवलं की तसं वाटतं खरं. पण त्याच मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असं रडत म्हणतो. अर्धामुर्धा विश्वास, तरी मुलगा बरा झाला. उलट पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही. मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर. आणि गेथशेमानेत ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असं मागणाऱ्या येशूला तो दुःखाचा प्याला प्यावाच लागला. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पत्रे उडाले, माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, मागे दापोली-हर्णैपर्यंत. कुणाचा विश्वास किती हे वाऱ्याने विचारलं नाही. यरुशलेमातला शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, त्याबद्दल येशूने लोकांना असंच काहीसं विचारलं, आणि त्याने स्वतःच उत्तर दिलं: ती माणसं इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असं समजू नका.

आजारपणात तर हा मुद्दा जिवावर बेततो. मेसेजात याकोब ५ चा हवाला आहे, विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील. तिथे प्रार्थना कोण करतंय ते बघा. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना) बोलवायचं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करायची. म्हणजे विश्वास मोजायचाच असेल तर अंथरुणावरच्या माणसाचा कशाला, आम्हा वडिलांचा मोजा की. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच सोडलं होतं, दुसरा सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं होतं, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. वेंगुर्ल्याला सेंट लूक्स हॉस्पिटल उभारणारे मिशनरी प्रार्थना करणारेच लोक होते. ‘विश्वास दाखवायला’ साखरेची किंवा बीपीची गोळी कुणी बंद केली असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी डॉक्टरांना फोन करा.

विश्वास कमी असल्याची भीती घातली की माणूस देवापुढे खोटं बोलायला लागतो. आतून राग असतो आणि ओठांवर ‘स्तुती असो’. ८८ वं स्तोत्र वाचून बघा. सुरुवातीपासून तक्रार, आणि शेवटचं वचनही काळोखातच संपतं, समजूत कुठेच नाही. ते बायबलात ठेवलं आहे. ज्याला आज काही चांगलं बोलवत नाही, त्याने ते मोठ्याने वाचावं आणि झोपावं.

२१ दिवसांच्या अखंड नेमाला बायबलात आधार मला सापडला नाही. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू, पहिल्यापासून मोजायची गरज नाही. ११ जणांना पाठवायचं म्हणाल, तर त्याऐवजी एका माणसाला गाठा: तुमचे पाळक, फादर, सिस्टर किंवा बाकावर शेजारी बसणारी एखादी आजी. त्यांना म्हणा, आज माझ्याबरोबर प्रार्थना करा, मी नुसतं ऐकतो. आजीला पुस्तक लागत नाही, आणि ती लवकर आटपतेही.