मालक कोण?

काल दुपारी नाशिकच्या जुन्या सीबीएसजवळच्या (म्हणजे जुन्या बसस्टँडजवळच्या) एका टायपिंगच्या दुकानात माझ्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका व्हायरस ठरली. ठरवणारा मुलगा पंचविशीतला, तोंडात बडीशेप, एका कानात इअरफोन. त्याने पेनड्राइव्ह लावला, फाइलवर माउस नेला आणि झटकन हात काढून घेतला. "मॅडम, ही वर्डची नाहीये. व्हायरस आहे." माझ्या मागे रांग होती. रांगेतल्यांनी आपापले पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरले.

फाइल लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच, पण मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेली होती, एवढाच तिचा गुन्हा. माझा लॅपटॉप वयस्कर आहे. विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही आणि विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. धडधाकट मशीन भंगारात कशाला घालायचं, म्हणून त्यावर विंडोजऐवजी मोफत मिळणारं लिनक्स टाकलं. छान चालतं. हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगत असते.

"अहो, वर्डमध्येही उघडते ही फाइल. तुमचं वर्ड कुठलं?"

"दोन हजार सात," तो अभिमानाने म्हणाला.

"अपडेट केलंय कधी?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, अपडेट केलं की ते विचारतं."

काय विचारतं ते त्याने सांगितलं नाही. गरजही नव्हती. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' असं लिहिलेलं होतं आणि ते झाकायला त्यावर लक्ष्मीचं स्टिकर लावलं होतं. स्टिकर लहान पडलं होतं, त्यामुळे 'अ‍ॅक्टिव्हेट'वर देवी आणि 'विंडोज' उघडं.

म्हणजे प्रकार असा. लिब्रेऑफिसची फाइल ओडीटी प्रकारची असते. वर्ड २००७ ला ती उघडता यायला लागली ती २००९ सालच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे मोठ्या अपडेटपासून. चोरीच्या प्रतीवर सर्व्हिस पॅक टाकायला हे लोक घाबरतात. म्हणून माझी रीतसर फाइल, जिच्यात मी कोणाचा छदाम बुडवलेला नाही, ती यांच्या चोरीच्या वर्डमध्ये उघडेना. आणि व्हायरस मी.

असो. मी मजकूर फोनवरून त्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. त्याने तो उचलून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, कारण पत्रिका पेजमेकरमध्येच लावायची असते. या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली. त्यानंतर कंपनीने त्याचा नाद सोडला, पण आपल्याकडच्या पत्रिकांनी सोडला नाही. त्याला युनिकोड मराठी, म्हणजे आपण फोनवर टाइप करतो ती, कळत नाही. त्यामुळे पडद्यावर जे उमटलं ते असं:

|| ???? ?????? ??? ||

दोन्हीकडचे दंड तेवढे शाबूत, गणपती गायब. खाली पानभर नुसती प्रश्नचिन्हं आणि सगळ्यात शेवटी माझा मोबाइल नंबर, कारण तो इंग्रजी आकड्यांत होता.

"एवढे प्रश्न कोनाला इचारायचेत ताई? आमंत्रण आहे का परीक्षेचा पेपर?"

हे नाना. दुकानातला मुलगा त्यांना नाना म्हणत होता, म्हणून मीही इथे नानाच म्हणते. निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार, पांढरा सदरा, मांडीवर प्लास्टिकची फाइल, तिच्यात स्टॅम्पपेपर. (हे स्टॅम्पपेपर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात आणि त्यासाठी अख्खं नाशिक रांगा लावतं. गंगेकाठी राहून नळाला पाणी नसण्यातलाच प्रकार. पण तो विषय वेगळा.) नाना प्रतिज्ञापत्रासाठी आले होते आणि त्यांचा नंबर माझ्या मागे होता. त्यामुळे माझ्या फाइलचं काय होतंय यात त्यांना रस असणं साहजिक होतं. पण इतका?

"काय वापरता तुम्ही ताई?"

मी सांगितलं. इथेच गप्प बसायला हवं होतं असं माझे मिस्टर नंतर म्हणाले. पण मिस्टरांना प्रिंट काढायलासुद्धा मी लागते, त्यामुळे त्यांचं मत धरू नका.

"कोनत्या कंपनीचं?"

"कंपनी नाही काका. संस्था आहे. जर्मनीत, बर्लिनला."

"संस्था." नानांनी मांडीवरची फाइल बाजूला ठेवली. "पतसंस्था का?"

"नाही, नाही. तसली नाही."

"आमच्या साडूचे पैसे आशाच एका संस्थेत गेले. तिचंबी हापिस लई चकाचक व्हतं. मालक कोन हिचा?"

"मालक असा कोणी नाही. जगभरातले लोक मिळून लिहितात. आत काय आहे ते कोणालाही उघडून बघता येतं."

"मालक नाही म्हंजे बेवारस."

"बेवारस नाही हो. सगळ्यांचं."

"तेच की. गायरान." नाना समजल्यासारखे हसले. "लिहिणाऱ्यांला पगार?"

"काहींना कंपन्या देतात. बाकीचे हौसेने करतात."

"हौसेने?" नानांनी दुकानातल्या प्रत्येकाकडे एकेकदा पाहून घेतलं. "हौसेने मानूस बैलांची शर्यत लावतो ताई. हिशेबाचं काम कोनी हौसेने करत नाही."

आता मी चिडले होते, आणि चिडलं की मी इतिहास सांगते. म्हटलं, काका, लिनस टॉरवल्ड्स नावाचा एक विद्यार्थी होता हेलसिंकीत. १९९१ साली त्याने जगाला कळवलं की मी एक प्रणाली लिहितोय, नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. आज जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक त्याच्या लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातला हा फोनसुद्धा.

नानांनी फोन काढला. उलटा केला, सुलटा केला, कव्हरच्या आत ठेवलेली शंभराची नोट जागेवर आहे हे बघितलं.

"हा जिओचा आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, राग नका मानू. मिस्टर कॉम्प्युटरमधी आहेत का?"

"नाहीत."

"मंग यात तुमचं कमिशन किती?"

"काहीच नाही!"

"आसं कसं? वस्तू फुकट. मालक नाही. पगार नाही. अन् तुम्ही उन्हातान्हात इथं येऊन आमाला सांगून राहिल्या." त्यांनी स्टॅम्पपेपरवाल्या बाईंकडे वळून निकाल दिला: "चेन मार्केटिंग आहे."

दुकानातल्या सगळ्यांना ते पटलं. एक बाई तर सरकून बसल्या.

मला राग कशाचा आला ते सांगते. चोरीचं विंडोज, त्यावर चोरीचं वर्ड, त्यावर चोरीचं पेजमेकर आणि त्यावर लक्ष्मी, यात कोणाला काही संशयास्पद दिसत नव्हतं. ते 'कंपनीचं' होतं. १९९८ साली बिल गेट्स वॉशिंग्टन विद्यापीठात चीनमधल्या चोरीबद्दल बोलताना म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढे वसुली कशी करायची ते आम्ही बघू. माणूस धंद्याचा होता. आपल्याकडे लिनक्सवाले तीस वर्षं 'पैसे पडत नाहीत' म्हणून ओरडत राहिले, आणि ज्याला पैसे पडतात तेही गल्लीतला पोरगा फॉरमॅटच्या पैशांत टाकून देत होता. दोन्ही फुकट. मग उरलं काय? ज्याचं नाव ऐकलंय ते. नोकरीच्या जाहिराती वाचा. 'टॅली येणारा पाहिजे' असतं. हिशेब येणारा पाहिजे, असं मी तरी कुठे वाचलं नाही.

म्युनिकची गोष्ट मी नानांना मुद्दाम सांगितली नाही. त्या शहराच्या पालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडायचं मनावर घेतलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर बर्फातली सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला धावले. तरी पालिका हटली नाही. सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर गेले. आणि २०१७ मध्ये त्याच पालिकेने परत विंडोजवर यायचं ठरवलं. हे कळलं असतं तर नानांनी सीबीएसवर पेढे वाटले असते.

पण नानांनी मग जे सांगितलं त्याने माझं तोंड बंद झालं, हे कबूल करायला हवं.

"मीबी एकदा येगळी व्हरायटी लावली व्हती," ते म्हणाले. "समद्या शिवारात थॉमसन. म्या म्हनलं, काहीतरी नवं करू. माल आला. साखर भरली, साल पातळ, मनी टपोरा. व्यापारी आला. बागेत उभं राहून त्याने आख्खा घड खाल्ला. म्हने, नाना, माल एक नंबर, नाव काय? नाव सांगितलं. म्हने, ह्या नावाला मार्केट नाही. हात पुसले अन् शेजारच्याचा थॉमसन उचलला."

"मग?"

"मंग काय? रोग पडला तर आनखी येगळं. थॉमसनवर काही आलं तर बांधावरचे धाजन औषध सांगत्यात. माझ्या बागेवर आलं तर मीच पेशंट अन् मीच डॉक्टर. पुढच्या एप्रिल छाटणीला कात्री नाही लावली ताई. कुऱ्हाड लावली."

दुकानात क्षणभर शांतता झाली. मग मुलगा म्हणाला, "नाना, आधार कार्डाची झेरॉक्स द्या," आणि ती मोडली.

नानांचं चुकत नाही. पण व्यापाऱ्याने नाव विचारू नये म्हणून तर नियम केलेले असतात ना? ओडीटी ज्या घराण्यातली आहे त्या ओडीएफ या फाइल-प्रकाराला २००६ मध्ये आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जागतिक मानक म्हणून मान्यता दिली. मायक्रोसॉफ्टने स्वतःचं वेगळं मानक पुढे केलं तेव्हा २००७ च्या मतदानात भारताने चक्क विरोधात मत दिलं. २०१५ मध्ये केंद्राने सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरणही जाहीर केलं. इतकं सगळं कागदावर आहे. आणि गेल्या महिन्यात एका कार्यालयाने मला भरायला पाठवलेला अर्ज वर्डच्या जुन्या फाइलीत, त्यातही कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये. उघडला तर 'अर्जदाराचे नाव' या जागी नुसती रोमन अक्षरं आणि कंस. फोन केला तर पलीकडून उत्तर: "तुमच्याकडे फॉन्ट नसेल." माझ्याकडे नसेल! मराठी भाषा माझ्याकडे आहे, कीबोर्ड आहे, वीस-पंचवीस सुंदर मोफत देवनागरी फॉन्ट आहेत. त्यांचा तो एक नाही, म्हणून अर्जदार मी नाही. यात विनोद करण्यासारखं काही नाही, आणि मला करायचाही नाही.

तेवढ्यात मागच्या मशीनवर कोणीतरी हळदीचा व्हिडिओ लावला. डीजेचा दणदणाट सुरू झाला. बघते तर कोपऱ्यात नारंगी शंकू. व्हिडिओ चालवणारं व्हीएलसी!

"हे काय वापरताय?" मी जवळजवळ ओरडलेच. "हेही मुक्तच आहे! पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेलं! यालाही मालक नाही!"

मुलाने इअरफोन काढला. "हे वेगळं मॅडम. हे चालतं."

आता यावर काय बोलणार? चालतं, कारण व्हिडिओ माझा मी बघायचा असतो. तो दुसऱ्या कोणाच्या मशीनवर उघडावा लागत नाही, त्यात कोणी दुरुस्ती करून परत पाठवत नाही, साहेब सही करत नाहीत. पत्रिका मात्र या मुलाकडून छपाईवाल्याकडे, तिथून आतेभावाकडे, तिथून घरच्या ग्रुपवर जायची असते. वाटेत एकाकडे जरी उघडली नाही, तरी सगळे म्हणणार, तुझ्याच लॅपटॉपमध्ये काहीतरी आहे.

शेवटी त्याने सगळा मजकूर नव्याने टाइप केला. पैसे वेगळे घेतले. बोटं भन्नाट चालतात त्याची, तेवढं मानलं. प्रिंट हातात आली तर वर ठळक अक्षरांत 'सहस्त्रचंद्रदर्शन सोहळा'.

"अहो, सहस्र. त नसतो त्यात."

"सगळे असंच छापतात, मॅडम."

"पण चूक आहे ना ते."

"बरोबर छापलं तर लोक फोन करतात, चूक आहे म्हणून."

तो त मी काढायला लावला. तेवढा एक विजय. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून निघाले तर नानांनी मागून हाक मारली.

"ताई, नंबर देऊन ठेवा तुमचा. पोराच्या लॅपटॉपवर ते ऑफिस आता वर्षाला पैसे मागून राहिलं. तुमचं ते बेवारस कधी मागायला लागतं?"

"कधीच नाही."

"निफाड तालुक्यात कोनाकडे आहे?"

"असेल कोणाकडे तरी. मला माहीत नाही."

नानांनी विचार केला. आत नोटरीने त्यांचं नाव पुकारलं, तरी ते उठले नाहीत.

"आसं करा," ते म्हणाले. "आधी तालुक्यात तिघं जोडा. चौथा मी."