मद्यपी चालकाची सुटका १०,००० रुपयांत होत नाही : खुलासा

‘पुण्यात दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेल्यास जागेवर १०,००० रुपये भरून सुटका होते आणि अपघात झालाच तर विमा सगळे भरून देतो,’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास प्रकरण न्यायालयात जाते. पहिल्याच गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

विम्याविषयीचा गैरसमज अधिक घातक आहे. मद्यपी चालकाच्या गाडीचे नुकसान विमा कंपन्या सहसा भरून देत नाहीत, आणि जखमी तिऱ्हाइताला दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा अपघात-भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण कंपनीला देऊ शकते. शिवाय निकाल लागेपर्यंतचा काळ जखमीच्या घरानेच रेटायचा असतो. मुंढव्याच्या चौकात अशा गाडीची धडक बसून एखाद्या रिक्षाचालकाचे मांडीचे हाड मोडले, तर पायात सळई बसते, कित्येक महिने रिक्षा उभी राहते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्याची शुश्रूषा करण्यासाठी पत्नीला आपली धुण्याभांड्यांची कामेही सोडावी लागतात.