सर, आता आमदारच व्हा

सर, फळ्यापुढे उभं राहून तुमचं काय भलं झालं? निवडश्रेणीचा, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीचा, प्रस्ताव त्रुटी लावून परत आला, आणि मेडिकल बिल कुठल्या टेबलावर पडलंय ते शिपायालाही ठाऊक नाही. तेव्हा आमदार व्हा. मुलायमसिंह यादव करहलच्या शाळेत शिकवायचे, पुढे तीनदा उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. तुम्हाला निदान विधान परिषद जमेल. तिथल्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या आहेत. म्हणजे निवडून द्यायचं शिक्षकांनी. निवडून येणारा शिक्षकच हवा अशी अट नाही. एखादा बिल्डर पोचायच्या आत उठा.

सुरुवात पतसंस्थेपासून करा. संचालक झालात की कर्जदार आणि जामीनदार धरून निम्मा तालुका ओळखीचा होतो. कर्ज मात्र पहिल्या फेरीत मंजूर करू नका. माणसाने दोन खेटे घातले की उपकार जास्त लक्षात राहतात. मग संघटना. आहे त्या संघटनेत पद मिळत नसेल तर नवी काढा. नावात ‘महाराष्ट्र राज्य’ हवं आणि लेटरहेड जाड कागदाचं हवं. सभासद काय, होतील सावकाश.

जिल्हा परिषदेच्या गुरुजींमध्ये फार गुंतू नका. खिचडी, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, जनगणना सगळं त्यांच्याच डोक्यावर, कबूल. पण राज्यघटनेच्या 171 व्या कलमाने मत दिलंय ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. प्राथमिकवाल्यांसाठीचा कळवळा 5 सप्टेंबरला एकदाच दाखवला तरी पुरतो.

प्रचारातल्या पैठण्या आणि सफारीच्या कापडांबद्दल मी बोलणार नाही, पेपरवाले बोलतात. तुम्ही मतदानाची शिकवणी घ्या. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनाने नावापुढे 1 हा आकडा काढायचा. अक्षरी ‘एक’ लिहिलं की मत बाद, बरोबरची खूण केली तरी बाद. आता जन्मभर बरोबरच्या खुणा करणाऱ्याचा हात दुसरीकडे कुठे वळणार? दर निवडणुकीत मतं बाद होतात, तीही गुरुजनांची. त्यावर हसू नका, तुमचीच असतील.

निवडून आलात की 6 वर्षं निवांत. एकच पथ्य पाळा: अनुदानाचा, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकारने देण्याचा, प्रश्न चुकूनही सोडवू नका. 20 टक्के, 40, 60, 80 असे टप्पे सरकारने उगाच पाडलेले नाहीत. एकेका टप्प्यावर एकेक सत्कार निघतो. 100 टक्के मिळालेला शिक्षक तुमचा फोनही उचलणार नाही. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, हा नियम होता तेव्हा वर्गात पाळलात ना? तसंच प्रश्नालाही वरच्या वर्गात ढकला. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या, म्हणून जुन्या पेन्शनला मुकलेल्यांच्या मोर्चात टोपी घालून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ओरडा. माजी आमदाराला महिना किमान 50 हजार पेन्शन मिळते, हा विषय ट्रकवरच्या भाषणात आणू नये.

शेवटी स्वतःची संस्था काढा, अर्थात विनाअनुदानित. बायको अध्यक्ष, मेहुणा सचिव, इमारतीला वडिलांचं नाव. शिक्षकांना सांगा, अनुदान येईपर्यंत कळ काढा, मी आहे ना सभागृहात! ते आझाद मैदानात उपोषणाला बसले की पाठिंब्याचं पहिलं भाषण तुमचंच हवं. तिथून निघताना हेडसरांना फोन करून गैरहजर असलेल्यांची यादी तेवढी मागवून घ्या. पगार कापता येणार नाही, कारण पगारच नाही; पण नोटीस काढता येते.